कोर्टाची पहिली तारीख

आमच्या घरात कोर्टाची भीती कुणालाच नव्हती, आणि तिथेच घात झाला. वडील तालुक्याच्या गावी वकील. शाळा सुटली की मी आणि धाकटा भाऊ कोर्टाच्या आवारात दप्तरं टाकून त्यांची वाट बघायचो. त्यामुळे पहिल्या तारखेला काही होत नसतं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. साहेब रजेवर असतात, नाहीतर समोरचा वकील मुदत मागतो. आरोपी आला नाही तर त्याच्या गैरहजेरीचा अर्ज जातो आणि मंडळी चहाला जातात.

हे ज्ञान घेऊन आम्ही दोघं इंग्लंडात आलो. मी लग्न करून मिल्टन कीन्सला, भाऊ नंतर नोकरीसाठी बायकोला घेऊन बेसिंगस्टोकला. गोठ्यांत गाईंचं दूध काढणारी यंत्रं असतात, त्यांच्या सॉफ्टवेअरचं तो काम करायचा. गोठे सगळे दूरच्या एका काउंटीत, जिथे बस म्हणजे सणासारखी कधीतरी उगवते. गाडी नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, असं तो सुरुवातीपासून म्हणायचा. ते अगदी खरं होतं.

एका पावसाळी संध्याकाळी तो तिथल्या एका गोठ्यावरून परत निघाला होता. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं, रस्ता एका गाडीपुरता. वळणावर एक म्हातारा अचानक समोर आला. गाडी त्याला घासून गेली आणि तो रस्त्याकडेच्या चरात पडला. चरात पाणी होतं. भाऊ आत उतरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पाण्यात बसून राहिला. म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात गोळ्यांच्या गुंगीत त्याला पोलिसांना धड काही सांगता आलं नाही. मागून आलेल्या एका गाडीवाल्याने मात्र सांगितलं की पोरगा वेगात होता.

निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा खटला दाखल झाला आणि तारीख आली. भावाने बाबांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते.

"अरे, पहिल्या तारखेला जाऊन काय करणार आहेस?" बाबा म्हणाले. "एक अर्ज टाक. पुढची तारीख मिळेल."

भावाने लगेच कोर्टाला ईमेल केला. "ताई, मी क्लिअर लिहिलंय, ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, डेट शिफ्ट करा. दे विल रिशेड्यूल." तारखेच्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर गेला. ईमेलला उत्तर आलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे होकार, असं त्याने धरून टाकलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण समन्स आलेल्याने मुकाट्याने चढावी, एवढं त्या म्हणीत घालायचं राहून गेलं आहे.

हिवाळा सरला तरी पुढची तारीख येईना. तो खूश होता, केस विरली म्हणून. मला ते पटेना. शेवटी एका रविवारी जेवायला आला तेव्हा मी त्याच्याकडून कोर्टाला विचारण्याचं वचन घेतलं, त्याला रात्री ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्पीकरवर कोर्टाला फोन लावायला लावला. तिकडच्या बाईने नाव, जन्मतारीख विचारली. मग अगदी प्रेमळ आवाजात म्हणाली, "तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, डिअर."

भावाने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला, लहानपणी मार खाताना बसायचा तसा.

कोर्टाच्याच गावातली एक वकील मिळाली. तिने नीट समजावलं. कोर्टाने त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी धरलं होतं. पण लायसन्स काढून घ्यायचं मनात असेल तर इथे माणूस समोर उभा करावा लागतो, म्हणून वॉरंट. आता कधीही, कुठेही पकडतील. त्यापेक्षा स्वतःहून हजर व्हा. लायसन्स वाचवायला झगडू.

आम्ही माझ्या गाडीने गेलो. पोलिसांची गाडी दिसली की तो सीटवर खाली सरकायचा. मला त्याची दया येत होती आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं. बाबांना तर मी फोनच केला नाही. केला असता तर मीच तोंडाला येईल ते बोलले असते.

कोर्ट गुरांच्या बाजाराजवळच्या विटांच्या इमारतीत होतं. सिक्युरिटीवाल्याने भावाचा पट्टा आणि फोन काढून घेतला आणि त्याला खाली कोठडीत नेलं. मी बाकावर बसले. काळा गाऊन घातलेली एक वयस्कर बाई नावांचा पुकारा करत होती. आमचं आडनाव तिच्या जिभेला झेपेना, म्हणून ती मला विचारायला आली. उच्चार ऐकला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"हाच का तो?" ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याबरोबर चरात बसलेला?"

म्हातारा तिच्याच गावचा होता. तिने सांगितलं, पहिल्या तारखेला तो इथे आला होता. टाय लावून, चाकांच्या खुर्चीतून, शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये बसून. कुत्रा सुटला म्हणून त्याच्यामागे मीच रस्त्यात आलो, आणि हा पोरगा मला सोडून गेला नाही, एवढं त्याला सांगायचं होतं. पण सरकारी बाजूने त्याला बोलावलंच नव्हतं. त्याला साक्षीला उभं करायचं तर आरोपीने करायचं, आणि आरोपीचा पत्ता नाही. तो कोर्ट उठेपर्यंत या बाकावर बसून होता.

मी ताडकन उठले. "आता बोलावता येईल का त्यांना? कुठे राहतात? मी घेऊन येते, आत्ता!"

बाईने माझ्या दंडावर हात ठेवला. "ख्रिसमसनंतर गेला तो. न्यूमोनिया झाला."

मी पुन्हा बसले. मला रडू आलं. एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी मी त्या कोर्टात ढसाढसा रडले. ती बाई बिचारी टिश्यू शोधत राहिली.

दुपारी भावाला काचेच्या पिंजऱ्यात आणून उभं केलं. वकिलीणबाईंनी खटला नव्याने चालवा अशी विनंती केली. मॅजिस्ट्रेट तिघं होते, मधली बाई एखाद्या हेडमिस्ट्रेससारखी. तिने त्याचाच ईमेल वाचून दाखवला. आरोपीला तारीख माहीत होती, त्याने ऑफिसचं काम महत्त्वाचं मानलं. विनंती फेटाळली. तो पोरगा पाण्यात बसला होता, हे वकिलीणबाईंनी सांगितलं. पण ते त्यांच्या तोंडून येत होतं, म्हाताऱ्याच्या नाही. तिघांनीही मान हलवून ऐकलं, जसं वकिलांचं ऐकतात तसं. वॉरंट रद्द झालं, आणि लायसन्स वर्षभरासाठी गेलं. कंपनीला वर्षभर बसवून पोसणं शक्य नव्हतं. महिन्याभरात त्याची नोकरी गेली आणि उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन कायमचा परत गेला.

पण त्या दुपारी हे सगळं पुढे होतं. आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसलो. त्याला सांगावं की नाही, मला कळेना. मग वाटलं, म्हाताऱ्याचा निरोप आहे, मी तो अडवणारी कोण? मी सगळं सांगितलं. टाय, खुर्ची, कुत्रा.

त्याने सीटबेल्ट ओढला आणि न लावताच सोडून दिला.

"ताई, रिलीज वगैरे काही नव्हतं गं त्या दिवशी," तो म्हणाला. "बाबा म्हणाले नको जाऊस, आणि मला इतकं बरं वाटलं. मला वाटायचं, तो म्हातारा तिथे येईल आणि माझ्याकडे नुसता बघेल. तेवढं मला सहन झालं नसतं."