कोसुरूचं बायोडिझेल

माझा टेम्पो गेला तो माझ्या मेहुण्यामुळे, हे मी आजही शपथेवर सांगेन.

याच टेम्पोवर स्टीलची भांडी लादून मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये धंदा उभा केला. पण डिझेल भरताना माझं डोकं फिरायचं. (एरवीही फिरतं, असं बायको म्हणते.) श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात इंजिनीअर असलेला मेहुणा शेखर म्हणाला, "दाजी, तळणीच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल होतं."

"मग करूया!"

"नाही जमलं, तर ते टेम्पोचं धूड भंगारात," बायकोनं अट घातली.

"कबूल!" मी ताडकन म्हणालो.

वेस्ट मांबलमच्या बज्जीवाल्याकडून (बज्जी म्हणजे आपली भजी) घासाघीस करून डबाभर तेल घेतलं. वर विचारलं, "कोसुरू कुठाय?" (मापावर थोडं फुकट, म्हणजे कोसुरू. चेन्नईत त्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही!)

"सार, जळक्या तेलावर कसला कोसुरू?"

"मला शिकवतोस?"

त्यानं मला एकदा नीट पाहून घेतलं, आणि झारे बुडवलेल्या बादलीतलं तांब्याभर काहीतरी डब्यात ओतलं. मी विजयी मुद्रेनं निघालो.

गच्चीवर शेखरनं तेलात घालायला मेथनॉल घेतलं, काट्यावर कॉस्टिक सोडा तोलला. कण कण मोजून! इतका चिक्कू माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तो फोन घ्यायला वळला, तसा मी आणखी मूठभर सोडा टाकला. (हातमोजा घालून. मी काय वेडा आहे?)

"दाजी, हे काय केलंत?"

"कोसुरू!"

"अहो, हे रसायन आहे, वांगी नव्हेत! आणि तेलात पाणी कुठून आलं?"

"फुकट आलं!"

सकाळी पिंपात डिझेल नव्हतं. साबण होता! इतका घट्ट, की ढवळायचा दांडा त्यात उभा राहिला.

बायको पिंपात डोकावली. "अहो, हे टेम्पोला पाजायचं, की त्याला आंघोळ घालायची?"

भंगारवाल्याशी सौदा तिनंच केला. मी पायरीवर बसून धुमसत होतो. "अम्मा, कोसुरू?" तो म्हणाला. तिनं माझ्या साबणाच्या चार वड्या त्याच्या हातावर ठेवल्या! टेम्पो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, आणि माझे डोळे भरून आले.

पाच मिनिटांत तोच हॉर्न! मी अनवाणी धावलो. टेम्पो परत आला होता!

भंगारवाला खाली उतरला. वड्या माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सार, बज्जीचा वास येतो." आणि टेम्पो घेऊन गेला.

चेन्नईत उभा जन्म गेला माझा. कोसुरू परत केलेला कधी ऐकला नव्हता. तो मान माझ्याच साबणाला मिळाला!