होइस्टला बांधलेलं नवं

माझ्या नाकावर राग असतो, हे मला घरच्यांनी लहानपणापासून ऐकवलंय. त्या रागाच्या जोरावर नोकरी मिळू शकते हे मात्र वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी काजूच्या कारखान्यात हजेरी लिहीत होते. कारखाना बंद पडला, मी सुरक्षिततेचा एक कोर्स केला आणि रत्नागिरीत एका सात मजली इमारतीच्या साइटवर सेफ्टीच्या कामाला लागले. पहिले सहा महिने परीक्षेचे, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. या वयात पुन्हा परीक्षा म्हणून घरी सगळे हसले. मीही हसले, पण ती नोकरी मला फार हवी होती. सकाळी डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवलं की मला माझाच अभिमान वाटायचा.

काम दोनच प्रकारचं. एक, माणसांवर ओरडणं आणि दुसरं, कागद लिहिणं. ओरडणं मला शिकावं लागलं नाही. कागद मात्र शिकले, आणि त्यातही सर्वात जास्त कागद होइस्टचे. इमारतीच्या बाहेरच्या अंगाने जमिनीपासून गच्चीपर्यंत एक लोखंडी खांब उभा केलेला असतो आणि त्याला धरून जाळीचा पिंजरा वर-खाली करतो, तो होइस्ट. माणसं, टाइल्स, सिमेंटच्या गोण्या, सगळं त्यातून जातं. त्याला परीक्षकाचं सर्टिफिकेट लागतं, ते दर सहा महिन्यांनी. चालवणाऱ्याचं परवानगीपत्र लागतं. किती माणसं, किती वजन, याची पाटी पिंजऱ्यावर लागते. आणि रोज सकाळी भरायची तपासणीची वही. दार नीट लागतं का, दार उघडं असताना पिंजरा हलत नाही ना, ब्रेक धरतो का, वरची लिमिट चालते का. प्रत्येकापुढे चौकोन आणि चौकोनात माझी बरोबरची खूण.

वरची लिमिट म्हणजे पिंजऱ्याच्या कडेला असलेला वीतभर दांडा, त्याच्या टोकाला छोटंसं चाक. पिंजरा गच्चीपाशी पोचला की ते चाक खांबावरच्या एका पट्टीला घासतं, दांडा कलतो आणि मशीन आपोआप थांबतं. चालकाचं लक्ष चुकलंच, तर माणसं वाचावीत म्हणून ती सोय. हे मी कोर्समध्ये चित्रात पाहिलं होतं आणि परीक्षेत तोंडपाठ लिहिलं होतं.

होइस्ट चालवणारे काका साठीला टेकलेले. संगमेश्वरकडच्या आतल्या गावचे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या टॉवरांवर पिंजरे चालवण्यात गेली आणि आता घराजवळचं काम मिळालं म्हणून खूष होते. रोज सकाळी पहिली फेरी ते रिकामी न्यायचे, आणि गच्चीपाशी मुद्दाम हात मागे घ्यायचे, लिमिट आपोआप थांबवते का ते बघायला. मग खाली येऊन म्हणायचे, "थांबला." मी खूण करायची. ते खाली आपली सही करायचे, दोन अक्षरांची. तेवढंच त्यांना लिहिता येत असणार अशी माझी समजूत होती.

आमचं एकदाच वाजलं होतं. ते आपली डब्याची पिशवी पिंजऱ्याच्या कडीला अडकवायचे. मशीनला काहीही लटकवायचं नाही, असा नियम मी त्यांना चार माणसांत, चढ्या आवाजात वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून पिशवी खाली माझ्या टेबलापाशी. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला उगाचच अपराधी वाटलं. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातलं सुकटीचं कालवण आणि माझी भाकरी अशी आमची वाटणी सुरू झाली.

पाच महिने झाले आणि दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, गोंड्याचं फूल, हे सगळं सुंभाने एकत्र बांधायचं आणि वर्षभर जे जे आपल्यासाठी राबतं त्या प्रत्येकाला एकेक बांधायचं. दाराला, रहाटाला, तांदळाच्या डब्याला. मी घरी स्कूटरला बांधते, मिक्सरलाही बांधते. होइस्टसाठी मी आदल्या दिवशी बसून चांगलं मुठीएवढं जाड नवं वळलं होतं. माझ्या पहिल्या साइटवरचा पहिला दसरा, त्यात हातचं राखायचं नव्हतं.

सकाळची तपासणी नेहमीसारखी झाली, खुणा झाल्या, सह्या झाल्या. मग पूजा. हळदकुंकू, नारळ, जाळीला झेंडूच्या माळा. नवं कुठे बांधावं म्हणून मी स्टुलावर चढले. पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला एक छान दांडा हाताला लागला. त्याला सुंभाचे दोन वेढे घेतले आणि गाठ शेजारच्या लोखंडाला आवळून मारली. खाडीवरचा वारा सात मजल्यांवर बरा झोंबतो, नवं उडून जायला नको.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. वर जाईल तो सुखाने खाली येऊ दे, कोणाच्या नखालाही धक्का लागू देऊ नको. आम्ही सगळ्यांनी होकार भरला. मग दर मजल्यावर प्रसाद ठेवायला फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत मी आणि गवंडीकामावरच्या चार बायका. वर पोचल्यावर खाडी, पलीकडे समुद्र, दीपगृह, सगळं लख्ख दिसत होतं. एकीने तिथूनच तिचं बिऱ्हाड कुठे आहे ते मला बोटाने दाखवलं. इतकी सुखाची सकाळ मला पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका रिकामी फेरी घेऊन गेले आणि पिंजरा नेहमीच्या जागी थांबलाच नाही. तो तसाच वर गेला आणि मग जोराचा हिसका बसून अडकला. लिमिटीच्याही वर एक शेवटची लिमिट असते, ती वीजच तोडते. तिने तोडली. मी खालून ओरडत होते. काकांनी हाताने ब्रेक थोडा थोडा सोडत पिंजरा उतरवला, त्याला बराच वेळ लागला. उतरल्यावर पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि मग माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, यंदा भात बरं आलंय. मग म्हणाले, पण पावसाने आडवं पडलंय. मी त्यांना म्हटलं की काका, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय.

त्यांनी खिशातून माझं नवं काढलं आणि वहीवर ठेवलं.

"बाय, ह्ये वरच्या लिमिटीला बांधलेलं व्हतं."

सुंभाने तो दांडा एका बाजूला ओढून धरला होता. चाक पट्टीला लागतच नव्हतं. मला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. पाच महिने रोज ज्या वस्तूपुढे मी खूण करत होते, ती प्रत्यक्ष समोर आल्यावर मी ओळखली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डब्याच्या पिशवीवरून मी या माणसाला चारचौघांत बोलले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

परीक्षक दोन दिवसांनी येणार होते. सर्टिफिकेट संपत आलं होतं आणि माझी परीक्षाही. काका हे सगळं जाणून होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"कुनीतरी बांधलान, असं लिव. नायतर माझं नाव घाल. माझं आता कितीसं ऱ्हायलंय? तुझं आत्ता सुरू झालंय."

साइट इंजिनियर माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मुलगा सज्जन. त्याने वेगळाच मार्ग सुचवला. कोणाला काही झालेलं नाही, दांडा मोकळा झाला, आता लिमिट चालतेय, तर लिहायचंच कशाला. खरं सांगते, तो दुपारपर्यंतचा वेळ मी त्याच विचारात काढला. नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. पण काकांचं नाव घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि काहीच न लिहिणं म्हणजे उद्यापासून त्या वहीला हात लावायला मला माझीच लाज वाटणार. दुपारी मी शेरा लिहायच्या रकान्यात लिहिलं: "दसऱ्याच्या पूजेत नवं मी बांधलं. ते वरच्या लिमिटीला बांधलं गेलं. पूजेनंतर पुन्हा तपासणी केली नाही." खाली सही केली आणि वही रोजच्यासारखी काकांकडे सहीला देऊन टाकली. परत आली तशी उघडून न बघता कपाटात ठेवली, आणि दुसऱ्या सकाळी ते पान झाकूनच पुढचं भरलं.

परीक्षक कोल्हापूरहून आले. किडकिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ब्रेक पाहिला, खांबाचे बोल्ट पाहिले, वजन घालून पिंजरा चालवला, आणि मग माझ्या टेबलाशी बसून वही उघडली. पानं भराभर उलटत गेले आणि त्या पानावर थांबले. काका दाराशी उभे होते. परीक्षक किती वेळ वाचत होते कोण जाणे, तीन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही.

पूजेनंतर किती फेऱ्या झाल्या, त्यांनी विचारलं. मी फेऱ्यांची नोंद काढली. नऊ. माणसांसकट? माणसांसकट. मग वर पिंजरा थांबवत कोण होतं? काकांनी दाराशी उभ्या उभ्या हात किंचित वर केला. नऊच्या नऊ वेळा फक्त तो हात होता. त्या चार बायका डोळ्यांपुढे आल्या, बोटाने बिऱ्हाड दाखवणारी आली. मी खुर्चीचा हात धरला.

परीक्षकांनी वही माझ्याकडे फिरवली. माझ्या सहीखाली, त्या दोन अक्षरांच्या सहीच्या जागी, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत चार ओळी होत्या.

"नवं मी बघितलं. हात जोडलं. नव्याखाली काय हाय ते बघितलं नाय. चूक माझीपन हाय."

मी काकांकडे पाहिलं. ते बाहेर खडीच्या ढिगाकडे बघत होते, जणू खडीत काही मोठं काम निघालं होतं.

"पाच महिन्यांच्या खुणा मी नुसत्या पाहिल्या," परीक्षक म्हणाले. "हे पान वाचलं."

मग त्यांनी मला पट्टा बांधायला लावला आणि पिंजऱ्याच्या टपावर चढवलं. एकेक भाग दाखवून त्याचं नाव माझ्याकडून वदवून घेतलं. तो दांडा मी बोटाने कलवला. टक् असा आवाज झाला, अगदी घरातल्या दिव्याच्या बटणासारखा. एवढीशी वस्तू. चित्रात ती केवढी मोठी होती. सर्टिफिकेट मिळालं, त्यात एक अट घालून: मशीनवर कसलंही काम झालं की पुन्हा तपासणी, आणि पूजा हेही कामच धरावं. महिन्याभराने मला कायम केल्याचं पत्र आलं. त्या पत्रात त्या पानाचा उल्लेख नव्हता, चांगला नाही आणि वाईटही नाही. मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं झालं, आता सुकट कोण आणणार ते सांग.

ती इमारत पुरी झाली, तिथे आता खरी लिफ्ट आहे, आरशाची. आमचा होइस्ट दुसऱ्या साइटवर आलाय, काका आले आणि मीही. वहीच्या छापील ओळींखाली मी शाईने एक ओळ लिहिली आहे: "पूजा झाल्यावर रिकामी फेरी." वर्षातून एकदाच तिच्यापुढे खूण होते. नवं बांधायला काकांनी खाली कुंपणाच्या खांबाला एक खिळा ठोकून ठेवलाय, मशीनपासून चांगला लांब. तो खिळा सोडून कोणी मशीनकडे हात नेला तर ते खाकरतात.

यंदाही गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला. बायका प्रसादाची ताटं घेऊन पिंजऱ्याकडे निघाल्या तर काकांनी दार लावून घेतलं आणि एकटेच वर गेले. लोक कुरकुरायला लागले, ऊन चढलं होतं. मी मान वर करून त्या दांड्याकडे बघत उभी राहिले. आता तो मला जमिनीवरूनही ओळखू येतो. पिंजरा गच्चीपाशी गेला, थांबला, आणि सावकाश खाली आला. काकांनी दार उघडलं.

"थांबला," ते म्हणाले.

मी खूण केली, त्यांनी शेजारी दोन अक्षरांची सही केली, आणि मग आम्ही त्या बायकांना आत घेतलं.