तळाच्या बाटलीवरचा ठसा

माझी नात मुक्ता समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर संशोधन करते. ही द्रव्ये पृष्ठभागापासून तळापर्यंत कशी विभागलेली असतात, हे पाहण्यासाठी ती नागावला निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो.

मुंबईहून मांडव्याची लाँच घ्यावी. पुढे अलिबागपर्यंतची बस तिकिटातच असते. तेथून नागावला रिक्षा मिळते. आम्ही नारळीच्या एका वाडीत उतरलो. तांदळाची भाकरी उत्तम. जेवणाची वर्दी मात्र आधी द्यावी लागते.

"आजोबा, उद्या होडीवर येताना तेल लावू नका. तेलही सेंद्रियच. पाण्यात ही द्रव्यं इतकी विरळ असतात, की बोटाचा ठसासुद्धा सॅम्पल खराब करतो."

"नमुना," मी सुधारले, आणि सकाळी सवयीने डोक्याला खोबरेल चोपडले.

मुक्ता बाटल्यांची पेटी आणायला गेली असताना होडीचा तांडेल हिराजी हसला. "बाबा, डोक्याला तेल लावलंय का तेलात डोकं बुडवलंय?" मी टोपी कानांपर्यंत ओढली.

मुक्ताने वरचे, मधले आणि तळाचे पाणी निरनिराळ्या बाटल्यांत भरले. "वर उजेडात शैवाल नवी द्रव्यं तयार करतं. जिवाणू त्यातलं चविष्ट तेवढं खातात. महासागरात खोल जावं, तसं प्रमाण घटतं. उरतं ते कोणालाच न पचणारं. हजारो वर्षं तसंच."

तळाच्या बाटलीचे झाकण तिरपे बसले होते. तिरपे काही मला पाहवत नाही. मुक्ता दोर गुंडाळत असताना मी ते काढून सरळ बसवले.

थोड्या वेळाने तिने बाटली उजेडात धरली. काचेवर तेलकट ठसा होता.

"हिराजीकाका, हात लावलात? एवढं सांगितलं होतं!"

"न्हाय ताई. तुमच्या बाटलीला मी कशाला शिवू?"

त्याने माझ्या टोपीकडे पाहिले आणि सुकाणू धरले. मी टोपी आणखी खाली ओढली. मुक्ताने बाटली समुद्रात रिकामी केली. वारा वाढल्यामुळे परतावे लागले. वाटेत ती हिराजीशी एक शब्दही बोलली नाही.

 जेवताना मी मुक्ताला सारे सांगितले. तिने हातातली भाकरी खाली ठेवली. "पाण्याचं जाऊ द्या, आजोबा. पण त्यांना मी काय बोलले!"

आम्ही तसेच किनाऱ्यावर गेलो. हिराजी जाळे सांधत होता. मी टोपी काढली आणि त्याची क्षमा मागितली.

"वास मला तवाच आला व्हता, बाबा," तो मान वर न करता म्हणाला. "म्हटलं, मोठा मानूस हाय, आपला आपण सांगल."

आता घरी आहे. मुक्ताच्या आलेखात तळाची जागा रिकामी आहे. भाकरीची चव, माडांची सावली, लाँचवरचा वारा हे सारे आठवड्याभरात विरून गेले. हिराजीचे ते वाक्य मात्र अजून पचलेले नाही.