नववा विषय

सोनपेठ तालुक्यातल्या त्या गावात ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सातवा विषय संपला की चहा यायचा, आणि चहा आला की सभा उठायची. बौद्ध वस्तीच्या स्मशानशेडचा विषय कायम नववा. ही रीत सरपंच दिनकररावांची. ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

सुकेशनी तेव्हा त्याच वस्तीतली साधी सदस्य. सासरा बन्सीधर गेला तेव्हा भर पावसात चौघांनी ताडपत्री धरली आणि खाली सरण पेटवलं. ताडपत्रीही जळाली. पुढच्या सभेत चहा येताच ती उठून म्हणाली, "अजून दोन विषय राहिलेत."

"बाई, अजेंडा म्हंजी काय, ते तरी ठावं हाय का?" बशीत फुंकर मारत दिनकरराव बोलले. सगळे खिदळले. तिनं भरला कप तसाच ठेवला. तिथला चहा पुन्हा तोंडाला लावला नाही.

सातवी शिकलेली बाई, पण जिद्द वाघिणीची. परभणीच्या रद्दीवाल्याकडून जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला आणि कॉलेजातली भाची प्रियांका समोर बसवली. शब्द निघाला लॅटिन. मूळ धातूचा अर्थ ढोरं हाकणं, पुढं त्याचाच अर्थ झाला काम करणं. अजेंडम म्हणजे केलंच पाहिजे असं एक काम. अजेंडा त्याचं अनेकवचन.

"म्हंजी नववंबी केलंच पाहिजे."

"पहिल्याइतकंच, आत्या."

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पेरणीचं बी ठेवावं तसा राग निवडून ठेवला.

चार वर्षांनी सरपंचपद राखीव निघालं आणि सुकेशनी खुर्चीत बसली. पहिल्याच नोटिशीत विषय क्रमांक एक: स्मशानशेड. मंजूर. आता पत्रेही चढलेत.

नवव्या जागी तिनं आता साधे सदस्य उरलेल्या दिनकररावांचा विषय टाकला, सभागृहाला त्यांच्या मयत वडिलांचं नाव देण्याचा. सातवा संपला, चहा आला, लोक उठले. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

चौथ्या सभेत दिनकररावांनी कप बाजूला सारला. "सरपंचताई, बापाच्या वर्षश्राद्धाला पाटी लावायची हाय. आज नववा घ्या."

"दिनकरराव, अजेंडा म्हंजी काय, ठावं हाय का?"

दिनकरराव सभेची नोटीस चाळू लागले.

"केलीच पाहिजेत अशी कामं. पहिलंबी अन् नववंबी."

"मग घ्या की."

"घेणार न्हाई कशी? चार वर्षं होऊ द्या."

तिनं कप ओढला. चहा लय गोड होता. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.