न पुसलेली वजाबाकी

आमच्या मॅडमच्या वर्गात खोडरबर चालत नसे. शाळा उघडली की त्या सगळ्यांची रबरं गोळा करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि डबा कपाटात. रबर परत मिळायचं निकालाच्या दिवशी, तोवर दगडासारखं कडक झालेलं. चुकलं तर त्यावर आडवी रेघ मारायची आणि बाजूला पुन्हा लिहायचं. "पुसू नोको. मले पाहाचं हाय," एवढंच त्या म्हणायच्या. आर्णीजवळच्या आमच्या गावात त्यांचं नावच रेघ मॅडम पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

तिसरीत मी बावन्नातून अडतीस वजा करून सव्वीस लिहायची. अशी सगळीच गणितं चुकायची आणि घरी विचारावं असं कोणी नव्हतं. मॅडम माझ्याजवळ खाली बसल्या. "कसं केलं, सांग बरं." मी सांगितलं, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. त्या रागावल्या नाहीत. हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. "म्हंजे तू मोठ्यातून लहान काढून राह्यली. वरचं कोणतं, खालचं कोणतं, पाहूनच नाही राह्यली."

मग त्यांनी कपाटातून तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या काढल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "आता मले आठ सुट्या दे." माझ्याकडे दोनच. मी त्यांच्याकडे पाहत बसले, त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. बऱ्याच वेळानं मी स्वतःच एका जुडीचा दोरा सोडला. त्या दिवसानंतर ते गणित माझं कधी चुकलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. यवतमाळला बीसीएच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण कोमल, दोघींनी प्रकल्प म्हणून प्राथमिक शाळेसाठी गणिताचं अ‍ॅप केलं. उत्तराचे चार पर्याय. बरोबर आलं की टाळ्या आणि चांदणी, चुकलं की उत्तर गायब आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. आम्हाला ते फार छान वाटत होतं. मी ते मोठ्या आशेनं मॅडमच्या शाळेत नेलं.

पूजा नावाच्या तिसरीतल्या मुलीला त्यांनी टॅब दिला आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. पूजानं पहिला पर्याय दाबला, दुसरा, तिसरा. चौथ्याला चांदणी आली. टाळ्यांच्या आवाजानं शेजारी बसलेली चौथीची मुलं वाचन सोडून इकडे पाहू लागली.

"चांदणी भेटली पोरीले," मॅडम म्हणाल्या. "पण वजाबाकी येते का तिले? कुठं अटकली ते दाखव मले."

दाखवायला काहीच नव्हतं. तिची तिन्ही चुकलेली उत्तरं आम्हीच पुसून टाकली होती.

त्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान होतं, त्यावर त्याच्या चुका आणि त्या कशानं सुटतील ते. "हे अक्षर मह्यं मलेच वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर नव्या सरले कसं समजन, कोणतं पोरगं कुठं अटकलं? पुन्हा सहा महिने जातीन शोधण्यात. तेवढं करता येते का पाह्य बेटा."

प्रकल्प जमा करायला पंधरा दिवस उरले होते. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "चालू आहे ते मोडू नका. गुण जातील." कोमल म्हणाली, "काहून जिवाले त्रास करून घेतं? पास व्हाचं हाय ना?" मला उलट बोलता येत नाही. मी फक्त "सर, मी करते" एवढंच म्हणाले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कोमल आठवडाभर कुरकुरली आणि माझ्या शेजारी बसून काम करत राहिली.

पर्याय काढले, मुलांनी आकडे स्वतः लिहायचे. आवाज बंद केला. चुकलेलं उत्तर रेघेखाली तसंच राहणार, आणि अ‍ॅपमधल्या मॅडमच्या पानावर प्रत्येक मुलाच्या चुका ओळीनं दिसणार. एसटीनं जाऊन दाखवलं. "लाल रेघ कायले? पोरगं भेते. पेन्सिलीसारखी कर." केली. पुन्हा गेले. "एका पोराचं पाहाले पाच ठिकाणी बोट लावा लागते. मह्याजवळ दोन वर्ग हायेत, बापा. एका बोटात दाखव." चांदणीही मी काढून टाकली होती, तर म्हणाल्या, "ते राहू दे. पोराइले आवडते."

तिसऱ्या वेळी त्यांनी पूजाचं नाव दाबलं. रेघेखालची सात उत्तरं एकाखाली एक आली. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "हे तर तुह्यंच गणित हाय." मग वही उघडून एकेका मुलाचं पान त्या मला वाचून दाखवू लागल्या आणि मी ते अ‍ॅपमध्ये भरत गेले.

आम्हाला गुण बेताचेच पडले. निरोपाच्या कार्यक्रमात मॅडमनी भाषण केलं नाही. त्या आता पुसदला मुलीकडे राहतात.

शाळा उघडल्यावर चौथ्या दिवशी नव्या सरांचा फोन आला. मला वाटलं, अ‍ॅप बंद पडलं.

"ताई, ती पूजा मोठ्यातून लहान काढते आहे, हे दिसलं मला," ते म्हणाले. "यात तुराट्यांच्या जुड्यांचं लिहिलंय. मॅडम त्या कुठं ठेवायच्या?"

"कपाटात," मी म्हटलं, "रबराच्या डब्याच्या मागं."