गुडघ्यावरचा हात

उत्तमसिंग राठोडांच्या घरी माणसं येतात ती बंदुकीसाठी. फुलसावंगीपासून चार किलोमीटरवर तांडा, तांड्याच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. बायको सुखीबाई सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी बबिता नांदेडला असते. आसपासच्या गावांत परवान्याची बंदूक आता एवढी एकच उरली आहे, एकनळी, बारा बोअरची. रानडुकरांनी हरभरा उकरला की शेतकरी वनखात्याकडे अर्ज करतो. परवाना निघतो, आणि त्यावर बंदूकधारकाच्या रकान्यात उत्तमसिंगांचं नाव पडतं. मग कोणीतरी मोटरसायकल घेऊन न्यायला येतं. चहा होतो, चार गोष्टी होतात.

निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गेल्या वेळी त्यांची बंदूक दोन महिने तिकडे होती. त्या दोन महिन्यांत दारात दूधवाला आला आणि एकदा मीटर वाचणारा. बाकी कोणी नाही.

"बापू, एकटे कायले राहून राह्यले तिथं? इकडं या," बबिता दर रविवारी फोनवर म्हणते.

"लोकाइले काम पडते माहं," ते सांगतात.

पूर्वी मचाणावर दोघं बसत. दुसरा अय्यूब, फुलसावंगीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. तो स्वतः कधी बंदूक धरत नसे आणि डुकराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "खायचं नाई, मारायचं नाई. मंग मी येतो कायले? तुह्या हातच्या बेचव चहासाठी," असं तो म्हणे. पण नेम उत्तमसिंगांचा आणि हुकूम त्याचा, असा दोघांचा रिवाज होता. जनावर आडवं उभं आहे, मागे माणूस नाही, गाय नाही, पिल्लू नाही, एवढं पाहून अय्यूब उत्तमसिंगांच्या गुडघ्यावर हात ठेवी. हात पडल्याशिवाय चाप ओढायचा नाही. कधी कधी अर्धा तास हात पडत नसे. जनावर निघून जाई आणि दोघं घरी येत. एकतीस वर्षं असं चाललं.

तीन वर्षांपूर्वी अय्यूब वारला. तेव्हापासून उत्तमसिंग मचाणावर एकटे बसतात, तरी डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. नेम धरला की चाप ओढण्याआधी डावा हात क्षणभर आपल्याच गुडघ्याला लावतात. आणि गेल्या वर्षीपासून बंदूक डाव्या खांद्याला लावतात. उजव्या डोळ्याचा पडदा साखरेने खराब झाला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरने सांगितलं होतं. हे त्यांनी बबितालाही सांगितलं नाही. बंदुकीच्या परवान्याच्या नूतनीकरणाला, म्हणजे डोळ्यांच्या तपासणीला, अजून दोन वर्षं बाकी होती. खांदा बदललेला कोणाच्या लक्षात आला नाही, कारण बघायला शेजारी कोणी नव्हतं.

पौषात कांताबाई वाठोरेंच्या हरभऱ्यासाठी बोलावणं आलं. शेत जंगलाला लागून. परवाना पंधरा दिवसांचा, दोन रानडुकरांचा, त्यांच्याच शेताच्या गटापुरता. मारलेल्या जनावराचा पंचनामा करून ते जाळायचं. जखमी जनावर वनहद्दीत शिरलं तर मागे जायचं नाही, लगेच वनरक्षकाला कळवायचं.

दिवस बुडता बुडता एक मोठा नर धुऱ्याच्या बांधावरून हरभऱ्यात उतरला. उत्तमसिंगांनी डावा खांदा लावला. डाव्या खांद्यामुळे चापावर आता डावाच हात होता; गुडघ्याला लावायला तो चापावरून काढावा लागला, बंदूक एकट्या उजव्या हातावर तोलावी लागली, मग डावा परत चापावर. त्या गडबडीत नळी हलली. बार झाला. डुक्कर किंचाळलं, मागच्या बाजूने खाली बसलं, उठलं आणि हद्दीचा चर ओलांडून झुडपांत गेलं.

कांताबाई बॅटरी घेऊन धावत आल्या. चराच्या काठावर रक्त होतं.

"लागली ना?"

"लागली. पन जिथं लागाची तिथं नाई लागली."

"मंग जाऊ द्या ना, भाऊ. तिकडं जाता येत नाई म्हनते कागद. हुकली म्हनून सांगा. काडतूस गेलं, जनावर नाई भेटलं. कोन पाहाले येते?"

ते खरं होतं. हुकलेल्या बाराची कोणी चौकशी करत नाही. जखमी जनावराचा मात्र अहवाल वर जातो, गोळी कुठून मारली, कुठे लागली, का लागली, सगळं. आणि तो अहवाल बंदुकीच्या परवान्यापर्यंत पोचतो.

"सकाळी बाया सरपणाले इथूनच जातेत ना?" उत्तमसिंगांनी विचारलं.

"जातेत. मीबी जातो."

त्यांनी फोन काढला. वनरक्षक ममता पाटील पलीकडून हसली. "काका, तुमचा फोन म्हनजे माहं जेवन थंड झालंच समजा. किती पडले?"

"एकबी नाई. जखमी होऊन आत गेलं."

तिचं हसणं थांबलं. "आत जाऊ नका. उजाडल्यावर येतो मी."

उत्तमसिंग चराजवळच थांबले. कांताबाईंनी घोंगडी आणून दिली आणि त्या घरी गेल्या. उजाडताना चार बाया दोऱ्या घेऊन आल्या. म्हाताऱ्याने वाट अडवली तेव्हा एक म्हणाली, "काय हो बाबा, डुकराशी सोयरीक जमवून राह्यले का?" बाकीच्या हसल्या, पण मागे फिरल्या.

ममता आली. डुक्कर चाळीस पावलं आत पळसाखाली मरून पडलं होतं. माती उकरलेली होती, झुडपाच्या सालीवर सुळ्यांच्या खुणा होत्या. मरायला त्याला वेळ लागला होता. तिने जखम पाहिली, मग मचाणापासून रक्ताच्या पहिल्या थेंबापर्यंत अंतर मोजलं.

"बावीस पावलं," ती म्हणाली. "काका, तुमी चाळीसवरून मानेत मारनारा मानूस."



तिने कागद मांडीवर घेतला. "जनावर ऐनवेळी हललं, असं लिहू?"

"नाई हललं."

"मले लिहाले काई तरास नाई, काका."

"उभंच होतं ते. माह्या उजव्या डोळ्यानं दिसत नाई. साल झालं. तसं लिही."

ममताने त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग डिझेल टाकून डुक्कर जाळलं. जळेपर्यंत दोघांना तिथं बसावं लागलं. कांताबाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून शेताकडे वळल्या.

नोटीस महिन्याभरात आली. उत्तमसिंगांनी बंदूक पुसून, तेल देऊन ठाण्यात जमा केली. हवालदाराने पावती दिली आणि विचारलं, "बाबा, निवडणूक तर नाई आता?" ते म्हणाले, "नाई."

माघ संपत आला तेव्हा कांताबाईंना नवा परवाना मिळाला. बंदूकधारक या वेळी दारव्ह्याचा होता. दुपारी त्याची जीप तांड्यावरून गेली. रस्ता उत्तमसिंगांच्या दारावरूनच आहे. जीप थांबली नाही, थांबायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. हरभऱ्याच्या बाजूने एक बार ऐकू आला. त्यांनी दुसऱ्याची वाट पाहिली. तो झाला नाही, म्हणजे पहिलाच नीट लागला होता. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता. तो तिथे केव्हा गेला हे त्यांना कळलं नव्हतं.

तो रविवार होता. बबिताचा फोन आला. तिने नेहमीचं विचारायच्या आधी उत्तमसिंग म्हणाले, "नांदेडची गाडी सकाळी किती वाजता आहे व बाई, पाहून सांग."