उर्मासची होडी आणि पुनवेचं उधाण

आमच्या धक्क्यावर एक नियम आहे. होडी पाण्यात उतरवणाऱ्याने विचारल्याशिवाय त्याला काही सांगायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, पण लेफ्तेरी आणि मी गेली बावीस वर्षं तो पाळत आलो आहोत. शनिवारी-रविवारी पहाटे दोन घडीच्या खुर्च्या, थर्मासभर चहा आणि लेफ्तेरीची दुर्बीण घेऊन आम्ही होड्या उतरवायच्या उताराच्या कडेला बसतो. इथे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये, नव्याने आलेला माणूस पहिल्या महिन्यात मोठ्या चाकांची गाडी घेतो, दुसऱ्या महिन्यात पत्र्याची होडी घेतो आणि तिसऱ्या महिन्यात ती होडी आमच्यासमोर उतरवतो. कोणी होडीच्या तळाचं बूच लावायला विसरतो, कोणी गाडीचा ब्रेक ओढायला. एकदा एक हवालदार दोन्ही विसरला होता. छातीभर पाण्यातून बाहेर आला, तेव्हा त्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं. लेफ्तेरीने त्याला चहा दिला. पण तो किस्सा मोठा आहे, आज नको.

आज उर्मासचं सांगतो.

उर्मास आणि त्याची बायको पिरेत हे एस्टोनियाचे. तिथल्या सारेमा नावाच्या बेटावर उर्मासचा जन्म झाला. इथे तो मालाच्या लांबलचक ट्रकांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. पिरेत इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. माझा डावा गुडघा सहा आठवडे तिच्या हाताखाली होता, ओळख तिथली. ती बोलायची कमी.

"दुखतंय?"

"हो."

"चांगलं आहे."

एवढ्यावर आठवडा जायचा. नवरा मात्र तिच्या वाटणीचंही बोलायचा. तिला घ्यायला आला की माझ्या गुडघ्याशी उभा राहून आपल्या बेटाच्या, आजोबांच्या, माशांच्या गोष्टी सांगायचा. मला गोष्टी सांगणारा माणूस आवडतो, फक्त त्याने मधे श्वास घ्यावा, म्हणजे आपल्यालाही एखादी घुसवता येते.

पिरेतची इस्पितळातली दोन वर्षं जुलैअखेर संपणार होती. आणखी दोन वर्षांसाठी सही करा, असं इस्पितळाचं पत्र एप्रिलमध्येच आलं होतं आणि त्यांच्या फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लटकत होतं. तिने सही केली तर दोघं राहणार. नाही केली तर इथे राहण्याचा परवाना संपून दोघं परत. तिकडे पिरेतच्या बहिणीची सफरचंदाची बाग होती आणि बागेतलं एक घर यांच्यासाठी रिकामं ठेवलेलं होतं. उर्मासला काहीही करून इथेच राहायचं होतं. पिरेत हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

"मला पंधरा शनिवार-रविवार दे," उर्मास तिला म्हणाला. "पंधरा सहली. मग ठरव."

"बरं," पिरेत म्हणाली.

पाऊस नुकताच ओसरला होता. रस्ते एकेक करून उघडत होते आणि उर्मासने पत्राच्या शेजारी पंधरा जागांची यादी लावली. शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरायची. वळकट्या, बर्फाची पेटी, चूल, पाण्याचे डबे. पहाटे चारला निघायचं, तीनशे किलोमीटर लाल धूळ खायची, धबधब्याशी पोहोचायचं, पोहायचं, कडा चढायचा, सूर्यास्त बघायचा, जेवायचं, वळकटीत शिरायचं, पहाटे उठून सूर्योदय बघायचा, तीनशे किलोमीटर परत. रविवारी रात्री गाडी धुवायची आणि सोमवारी सकाळी सातला पिरेत कोणाचा तरी गुडघा वाकवायला हजर. पुढल्या आठवड्यात दुसरा धबधबा.

या सगळ्याच्या हकिगती मला उर्मासकडून कळायच्या. गरम झऱ्यात पाय भाजल्याची, दोन पुरुष उंच वारुळांच्या रांगेत वाट चुकल्याची. पाचव्या सहलीत सकाळी सकाळी एक रानम्हैस त्यांच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. उर्मास गाडीच्या टपावर. पिरेत कॉफी ढवळत होती. तिने मान वर करून म्हशीला आपल्या भाषेत दोन शब्द सांगितले आणि म्हैस गेली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, अजून झाली नाही."

हे सांगून उर्मास खूप वेळ हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "तिला आवडतंय बघ, क्लॅरी."

"ती म्हणाली तसं?"

"म्हणाली नाही. पण धबधबा कसा वाटला विचारलं, तर छान आहे म्हणाली."

लेफ्तेरी गळाला आमिष लावत होता. तो ग्रीक, कालिम्नोस बेटाचा. पोरवयात इथे आला, पण बायकांविषयीची मतं येतानाच आणलेली. "माझी आफ्रोडिती चाळीस वर्षं सगळ्याला छान आहे म्हणायची," तो म्हणाला. "मग एक दिवस खरं बोलली. त्या दिवशी घरात एक ताट धड उरलं नाही."

"पिरेत ताटं फोडत नाही," उर्मास म्हणाला.

"तेच तर. कळायचं कसं?"

उर्मास हसला आणि पुढच्या धबधब्याचं सांगू लागला. पण जून संपून जुलै निम्मा झाला, तेरा जागांवर खुणा झाल्या आणि पत्र होतं तिथेच, तेव्हा त्याचं बोलणं कमी होऊ लागलं. चौदाव्या सहलीहून आल्यावर तो धक्क्यावर आला आणि चक्क दहा मिनिटं गप्प बसला.

"बहिणीला फोन करत होती," तो शेवटी म्हणाला. "त्या घराचं छप्पर गळतं का, विचारत होती."

लेफ्तेरीने त्याला न विचारता चहा ओतून दिला.

पंधरावी सहल उर्मासने राखून ठेवली होती. होडीतून. खाडीच्या तोंडाशी, आमच्या धक्क्यासमोर, पांढऱ्या वाळूचा एक दांडा आहे. मधे अर्धा-पाऊण किलोमीटर पाणी. एका अंगाला तिवरांचं रान, दुसऱ्या अंगाला मोकळा समुद्र. तिथे नेऊन तो पिरेतला माशाची न्याहारी खिलवणार होता. होडी म्हणजे त्याचं माहेर. बेटावर सहाव्या वर्षी आजोबांनी वल्हं हातात दिलं होतं.

आदल्या संध्याकाळी मी त्याला भरती-ओहोटीच्या वेळांचं पुस्तक दिलं. आमिषाच्या दुकानात मिळतं ते, खिशात मावणारं. दिलं फक्त. सांगितलं काही नाही, नियम मोडला नाही.

"क्लॅरी, गड्या, मी होडीत वाढलोय."

"ठाऊक आहे. राहू दे जवळ."

त्याने ते माझ्या समाधानासाठी भाकरीच्या पेटीत टाकलं.

शनिवारी साडेसहाला ती दोघं आली, तेव्हा उजाडत होतं. उर्मासने गाडी उलटी घेतली ती एका रेषेत. बूच लावलं, पट्टे सोडले, होडी पाण्यात अशी सरकली की आवाजसुद्धा नाही. पिरेत चढली, इंजिन एका झटक्यात लागलं. बावीस वर्षांत नवख्या माणसाने इतक्या सफाईने होडी उतरवलेली मी पाहिली नव्हती.

"काहीच विसरला नाही," लेफ्तेरी म्हणाला. "दिवस फुकट गेला."

पण त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "क्लॅरी, तो होडीचं नाक वाळूवर चढवतोय."

"नांगर टाकला?"

"नांगर होडीतच आहे. दोर बांधला खडकाला. छान गाठ मारली."

"भरती किती वाजता आहे?"

"हीच. आत्ताची."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आदल्या रात्री पुनव झालेली. उधाणाचं पाणी. अशा दिवशी आमचा समुद्र सात मीटर उतरतो, आणि तिथला किनारा इतका सपाट की सात मीटर खाली म्हणजे तो पार नजरेबाहेर जातो. उर्मासच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तिथे होडी जिथे ठेवाल तिथे पाणी असतं. आजोबांनी जे शिकवलं, ते त्याने तंतोतंत केलं होतं.

मी नियम मोडला. फोन लावला. तीनदा वाजला. दुर्बिणीतून लेफ्तेरीला दिसत होतं: पिशवी होडीतच, म्हणजे फोनही तिच्यात, आणि ती दोघं टोपल्या घेऊन दांड्याच्या पलीकडच्या बाजूला चाललेली.

नऊला फोन आला.

"क्लॅरी," उर्मास म्हणाला. आवाज अगदी शांत. "समुद्र कुठे गेला?"

"बाहेर गेलाय. संध्याकाळी येईल."

"कुठल्या संध्याकाळी?"

"आजच्या. सातपर्यंत. तुला पुस्तक दिलं होतं."

पलीकडे होडीच्या पत्र्यावर थाप पडली. मग, "आम्ही ढकलून बघितली. हलत नाही. पुढे चालत गेलं तर?"

"चिखलात पाय टाकू नकोस. कमरेपर्यंत जाशील. आणि कडेला मगरी येतात, ते तुला ठाऊक आहे. वर कोरड्या वाळूवर राहा. पाणी आहे का प्यायला?"

"वीस लिटर."

"सावली?"

"ताडपत्री आहे."

"मग काय, सहल आहे. मी होडी आणली असती, पण आमचाही उतार कोरडा पडलाय. पिरेत काय म्हणते?"

"काही नाही," उर्मास म्हणाला. ते दोन शब्द ज्या सुरात म्हणाला, त्यावरून कळलं की त्याने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलंय.

आम्ही घरी गेलो नाही. माणसं तिथे अडकलेली असताना जाणं बरं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर जाववतही नव्हतं. लेफ्तेरी दुर्बिणीतून सांगत होता, मी ऐकत होतो.

"तो बोलतोय. हात हलतायत."

"ती?"

"ती भाकरी कापतेय." मग अर्ध्या तासाने, "अजून बोलतोय." मग, "गप्प झाला."

दुपारी बाराला त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. खाडी रिकामी होऊन चिखल चकाकत होता. निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असणार, एवढ्या लांबून दिसत नव्हत्या. ताडपत्रीखाली पिरेत पालथी पडून हनुवटी हातांवर ठेवून समोर बघत होती. उर्मास शेजारी बसलेला. दर पाच मिनिटांनी उठायचा, होडीपर्यंत जायचा, परत यायचा. एकदा पिरेतने मान न वळवता त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि खाली ओढलं. तो बसला. मग मात्र बसून राहिला.

तीनच्या सुमारास दोघं उठली. वाहून आलेले ओंडके गोळा केले, होडीखाली घातले आणि हातहातभर करत ती उतारावर दहा-बारा पावलं खाली आणली. हे पिरेतने सुचवलं होतं, नंतर कळलं. सकाळच्या खुणेइतकं पाणी संध्याकाळी चढेलच असं नाही, हे तिला पुस्तकात सापडलं होतं. भाकरीच्या पेटीतून काढून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. मग दोघं होडीत चढून बसली. कोरड्या वाळूवर, टोप्या घालून, समोरासमोर. पाणी यायची वाट बघत.

लेफ्तेरी म्हणाला, "आमच्या लग्नाचा फोटो असाच आहे."

सहाला पाणी त्यांच्याखाली आलं. सूर्य बुडता बुडता होडी धक्क्याला लागली. उर्मासचा चेहरा भाजलेल्या खेकड्यासारखा लाल, आणि नजर आमच्याकडे नाही. पिरेत उतरली, सरळ चालत आली आणि लेफ्तेरी चहा ओतायला उठला होता त्याच्या खुर्चीत बसली.

"तर," लेफ्तेरी म्हणाला. आमचा नियम त्याच्या लेखी होड्यांपुरताच आहे. "जाणार की राहणार?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. उर्मास दोर गुंडाळायचा थांबला.

पिरेतने चहा घेतला. "त्या चिखलात एक खेकडा होता," ती म्हणाली. "एक नांगी मोठी, निळी. बिळातून यायचा, नांगी हलवायचा, परत आत. दिवसभर. मी त्याला दिवसभर बघितलं."

"बरं," मी म्हणालो.

"उर्मासने मला चौदा जागा दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी पोहोचलं की निघायची वेळ झालेली असायची. मला वाटलं, इथे राहायचं म्हणजे असंच राहायचं. मी दमले होते. आज पहिल्यांदा कुठे जायला येत नव्हतं."

उर्मास जवळ आला. "मग सांगायचं ना मला. पिरेत, मी दर वेळी विचारत होतो."

"तू विचारत होतास, धबधबा कसा वाटला. धबधबा छान होता."

उर्मास दोर तसाच टाकून उतारावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. वाळू होती, बाकी काय होतं मी बघायला गेलो नाही.

सोमवारी पिरेतने पत्र फ्रिजवरून काढलं. दोन वर्षं हे शब्द खोडून त्यावर आपल्या अक्षरात एक वर्ष लिहिलं, सही केली आणि दिलं. इस्पितळवाले थोडे कुरकुरले आणि मानले. बहिणीला छप्पर दुरुस्त करून ठेवायला सांगितलं. मग बघू, म्हणाली.

पुढल्या शनिवारी ती दोघं पहाटे धक्क्यावर आली. होडी नव्हती, दोन घडीच्या खुर्च्या होत्या. पिरेतने आपली माझ्याशेजारी लावली, माझा गुडघा न विचारता वाकवून बघितला आणि समोर बघत बसली. उर्मासला मात्र बसवेना. एक तरुण जोडपं नवीकोरी होडी घेऊन आलं होतं, गाडी तिरकी घेत होतं आणि बूच अजून बाहेर लोंबत होतं. उर्मास अर्धा उठला.

"विचारलं का त्यांनी?" पिरेत म्हणाली.

"नाही."

"मग बस."

तो बसला. लेफ्तेरीने दुर्बीण त्याच्या हातात दिली.